अप टू अ पॉइंट

हसू नका, पण इंग्रजी बोलल्यामुळं माझा कामावर एकदा खाडा पडलाय.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत आम्हाला इंग्रजी शिकवायला एक मॅडम यायच्या. त्या म्हणाल्या, "साहेबाचं अर्धंच पटलं, तर तोंडावर नाही म्हणू नका. 'अप टू अ पॉइंट' म्हणा. म्हणजे पटतंय, पण एका हद्दीपर्यंत." मला लई आवडलं. नाही म्हणायचं आणि वर सभ्य दिसायचं!

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "आज माझी शेंगोळी आईंच्यापेक्षा भारी झाली ना?" आई समोरच बसलेली. मी ऐटीत म्हणालो, "अप टू अ पॉइंट."

आई म्हणाली, "काय म्हनला गं ह्यो?"

तिथं गप्प बसायचं सोडून मी दोघींना अर्थ समजावून सांगितला. आईला वाटलं, मी तिची शेंगोळी खाली पाडली. बायकोला वाटलं, तिची वर चढवली नाही. दोघी मिळून ताटं उचलून आत गेल्या.

सकाळी नेमकी कंपनीची बस चुकली. बायकोला म्हणालो, "स्कूटीवर सुप्याला सोडतेस का?"

"सोडते की!" इतकं गोड म्हणाली, की मी डबा घेऊन मागं बसलोसुद्धा.

कंपनीची बस रोज आम्हाला जिथं घेते, त्या चौकात तिनं गाडी थांबवली. "उतरा."

"अगं, सुपा कुठं आलं? हा तर बसचा पॉइंट!"

"मग? आईच म्हणाल्या, पॉइंटपर्यंतच सोड."