रुस्कोची गाइदा, दफिनाचा दम

ग्रीसच्या सरहद्दीलगतच्या रोडोपी डोंगरातल्या दवाखान्यात झेचका आपल्या नंबराची वाट बघत विणत बसली होती. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलू लागल्या, तशा तिच्या सुया मंदावल्या.

“दफिना, डॉक्टर काय म्हणाले गं तुझ्या रुस्कोला?”

“हृदय थकलंय म्हणे. रक्त पुढं ढकलत नाही, मग ते मागं फुफ्फुसात तुंबतं. तिथल्या नसा दाबानं पार जाड झाल्यात. आडवा झाला की धाप लागते.”

“मग रविवारी तुमच्या नातीच्या लग्नात गाइदा कोण फुंकणार?”

“अगं वेलिका, त्याची गाइदा ऐकून ग्रीकांच्या मेंढ्या सरहद्द ओलांडून आमच्या अंगणात आल्या होत्या. दुसऱ्या कुणाची वाजेल का?”

“मागच्या खेपेला तू बोकड म्हणाली होतीस.”

“बोकड पुढं होता.”

“पण डॉक्टरांनी फुंकायची बंदी केली असेल की.”

“केली ना, महिन्यापूर्वीच. त्याला केली.”

“म्हणजे?”

“गाइदाची कातड्याची पिशवी त्याच्या काखेत, फुंकायची नळी माझ्या तोंडात. मी फुंकायचं, त्यानं बोटं चालवायची. महिनाभर गोठ्यात सराव केलाय. शेळ्या दूध जास्त द्यायला लागल्यात.”

“आणि लोक हसले म्हणजे?”

“हसतील कधी? नाचून नाचून त्यांनाच धाप लागणार. मला नाही लागायची.”