आईचा कप

बाबा: चहा घेतला की! दोन घोटांत संपला. कप आहे की चमचा?

मुलगी: एवढा काही लहान नाही.

बाबा: आपल्या जुन्या कपाशेजारी ठेव बरं. बघ, त्याचं पिल्लू दिसतंय.

मुलगी: माती वेगळी लागली असेल.

बाबा: माती तीच. प्लास्टरचा साचा कोणी केला?

मुलगी: मी.

बाबा: कशावरून?

मुलगी: जुन्या कपावरून. भाजलेल्या.

बाबा: अगं शहाणे! माती वाळताना आटते, भट्टीत आणखी आटते. एकदा आटलेला कप तू पुन्हा आटवलास. अजून चार साचे काढ, शिंप्याला अंगुस्तान पुरवशील.

मुलगी: हसा. कॅन्टीनच्या ताई महिनाअखेर साठ कप न्यायला येतायत. जुन्यांच्या जोडीचे हवेत त्यांना.

बाबा: जुन्या साच्याला काय झालं?

मुलगी: बुरशी आली. ओलाच होता, मी पिशवीत बांधून माळ्यावर टाकला. मग तारेच्या ब्रशनं घासला.

बाबा: आतून?

मुलगी: आतून. आता कपांवर ओरखडे येतात. ओरडा एकदाचे.

बाबा: ओरडून काय! तुझ्या आईनंही एक साचा असाच नासवला होता. वर मलाच म्हणाली, तुम्ही वेळेवर वाळत का नाही ठेवलात?

मुलगी: बरोबरच बोलली.

बाबा: झालं! हुबेहूब तीच.

मुलगी: बाबा, तिनं कोरलेला लाकडी कप हवाय. आटणार हे धरून तिनं तो मोठाच कोरला होता ना?

बाबा: तो हरवला. तुझी आई गेली तेव्हाच सांगितलं होतं तुला.

मुलगी: मग तुमच्या खोलीच्या दाराला टेकू कसला लावलाय?

बाबा: वाऱ्यानं दार आपटतं.

मुलगी: तीन वर्षं तिथला केर मी काढतेय. फडकं गुंडाळलं म्हणून मला कळत नाही होय? तुमच्याकडे मागायचं जिवावर आलं, म्हणून तर हा उद्योग केला.

बाबा: साबणाचा हात लावायचा, प्लास्टर ओतायचं, मग ओढून काढायचं. दर वेळी लाकूड झिजतं गं. तळाला तिनं पेन्सिलनं मापं लिहिलीत. ती जातील.

मुलगी: मग राहू दे. ताईंना कळवते, तो कप आता आमच्याकडे होत नाही.

बाबा: कुठला कप होत नाही?

मुलगी: आईचा. दुसरा कुठला?

(बाबा आत जातात. दार आपटतं. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन येतात.)

बाबा: मापं आधी वहीत उतरवून घे. साबण पातळ लाव. आणि साचा वाऱ्यावर वाळव. परत पिशवी दिसली तर बघ!

मुलगी: साच्याच्या पाठीवर आईच्या नावाचं अक्षर घालू ना? जुन्यावर होतं तसं?

बाबा: करणाऱ्याचं असतं ते. तुझं घाल.

मुलगी: पेन्सिल द्या मग.

बाबा: पेन्सिल नको. खिळ्यानं कोर.