सात नंबर खोलीच्या कडीबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव व पत्ता नोंदवहीत घेतल्याप्रमाणे. वय ६६ वर्षे. धंदा इलेक्ट्रिक मोटर दुरुस्ती व वाइंडिंग. शिक्षण चौथीपर्यंत, पुढचे हाताने शिकलो. सध्या मुक्काम समुद्राकडच्या रस्त्यामागील गल्लीतील लॉज, खोली क्रमांक ७.

मी आज सकाळी साडेअकरा वाजता स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, माझी मुलगी, जावई, त्यांची साडेचार वर्षांची मुलगी, माझे व्याही व मी असे पाच जण परवा दुपारी वरील लॉजवर उतरलो. नातीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. व्याही निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वय ६८. आमच्या विहीणबाई गुडघ्यामुळे आल्या नाहीत. माझी पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारली.

मुलगी व जावई यांना नऊ नंबरची खोली मिळाली. मला व व्याह्यांना सात नंबर. भिंगरीने कुठे झोपायचे, हे तिनेच ठरवले. ती म्हणाली, "मी आबांजवळ." आबा म्हणजे व्याही. मला ती मोटरआबा म्हणते. ती त्यांच्याच घरात वाढते व मी तिला वर्षातून दोनदा भेटतो, त्यामुळे यात कोणाचा दोष नाही, असे माझी मुलगी म्हणते.

खोलीचे वर्णन विचारले म्हणून सांगतो. दोन लोखंडी खाटा, एक पंखा, एक आरसा. भिंतीला ओल आहे व टॉवेल दोन दिवसांत वाळलेला नाही. लॉजच्या फोटोत खिडकीतून समुद्र दाखवला होता. प्रत्यक्षात शेजारच्या हॉटेलची पाण्याची टाकी दिसते. समुद्राचा फक्त आवाज येतो. दाराला आतून वरच्या बाजूस कडी आहे. भिंगरीचा हात तिथे पोचत नाही, स्टुलावर चढूनही नाही. दारालगत काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी आहे. तिची वरून दुसरी पट्टी नाही. आतून पडदा असल्याने ते कोणाच्या लक्षात आलेले नाही. माझ्या आले होते.

आलो त्याच संध्याकाळी पंखा कुरकुर करू लागला. मॅनेजर म्हणाला, उद्या माणूस येईल. मी खाटेवर स्टूल ठेवले, पंखा उतरवला, बेअरिंग साफ केले, वंगण दिले व पुन्हा चढवला. पाऊण तास लागला. व्याह्यांनी खाली स्टूल धरले होते. पंखा सुरू होताच भिंगरी पळत नऊ नंबरला गेली आणि ओरडली, "आई, आबांनी पंखा नीट केला!" व्याही लगेच म्हणाले, "अगं, मी नाही, मोटरआबांनी." ती म्हणाली, "हो, पण तुम्ही धरला होता ना!" सगळे हसले. मीही हसलो. हे पंख्याचे इथे लिहू नका, असे अंमलदार म्हणाले. मी लिहा म्हणालो.

व्याही माणूस वाईट नाही. खिडकीजवळची खाट त्यांनी मला दिली. नाश्त्याला केळे सोलले तर अर्धे माझ्या ताटात ठेवतात. पण त्यांना सगळेच येते. शिंपल्यांची नावे येतात, भरती-ओहोटीच्या वेळा त्यांनी घरूनच वहीत उतरवून आणल्या होत्या. पहिल्या दिवशी सगळे दमले होते व काल दिवसभर पाऊस होता, म्हणून समुद्रावर कोणीच गेले नव्हते. काल जेवताना ते म्हणाले, "उद्या नऊ वाजता ओहोटी लागते. नऊला जायचं. आबा तुला समुद्र दाखवणार." भिंगरीने त्यांच्या मांडीवर बसून विचारले, "समुद्र केवढा असतो?" ते म्हणाले, "ते सांगायचं नसतं, बघायचं असतं." मी मनात म्हटले, समुद्र काय यांच्या वाडवडिलांनी खणलाय? दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात. माझी साय चार वर्षे दुसऱ्याच्या वाटीत आहे.

मी मुलीला म्हणालो, "मी दाखवतो की तिला समुद्र." मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी पाहिलाय का कधी?" मी म्हणालो, "न पाहायला काय झालं!" खरे म्हणजे तोवर मी पाहिला नव्हता. मुलीने पुन्हा विचारले नाही.

आज पहाटे साडेपाचला मी फिरायला निघालो. तसे रात्रीच सांगून ठेवले होते. व्याही जागे झाले व म्हणाले, "या जाऊन. कडी मी लावतो." मी बाहेर उभा असताना त्यांनी कडी लावली. आवाज मी ऐकला. त्यांची सवय म्हणून त्यांनी दार एकदा आतून ओढून पाहिले, आणि माझी सवय म्हणून मी बाहेरून ढकलून पाहिले. कडी पक्की लागलेली होती. हे मी शपथेवर सांगतो. या जबाबातील हीच ओळ महत्त्वाची आहे.

मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथून समुद्राचा आवाज मोठा येतो. मी पुढे गेलो नाही. एकट्याने बघून काय करायचे? नऊ वाजता ती त्यांचे बोट धरून जाणार व मी मागून चपला घेऊन चालणार, हे मला दिसत होते. मी परत फिरलो.

सहा वाजून दहा मिनिटांनी मी खोलीशी पोचलो. आत न्हाणीघराचा नळ चालू होता. व्याह्यांना दाढी व अंघोळीला अर्धा तास लागतो. मी पट्टी नसलेल्या जागेतून हात घातला, पडदा सारला व कडी काढली. मोटरीच्या आत हात घालून आयुष्य गेले, मला ते जड नाही. भिंगरी जागीच होती. मी म्हटले, "चल, समुद्र बघायला." ती म्हणाली, "आबा?" मी म्हटले, "ते येतात मागून." तिला उचलले, चपला घेतल्या, दार ओढून घेतले. व्याह्यांना हाक मारून सांगता आले असते. नळ चालू होता, पण ते कारण नव्हे.

सहा पंचविसाला आम्ही वाळूवर पोचलो. तिथे पालथ्या घातलेल्या होड्या आहेत, त्यांच्या पलीकडे बसलो. समुद्र आम्ही दोघांनी एकदमच पाहिला. मी काय सांगू? एवढे पाणी मी एकत्र पाहिले नव्हते. मग भिंगरीने माझा शर्ट ओढला. मला वाटले, आता काहीतरी मला म्हणेल. ती म्हणाली, "आबांना हाक मारा ना. त्यांना दाखवू."

पावणेसातच्या सुमारास व्याही खोलीतून बाहेर पडून शोधू लागले, असे नंतर कळले. सात वाजता जावयांनी ठाण्यात फोन केला. सात वाजून पाच मिनिटांनी मला व्याह्यांची हाक ऐकू आली. ते तिचे शाळेच्या दाखल्यावरचे पूर्ण नाव घेऊन ओरडत होते. भिंगरी उठली व म्हणाली, "आबा आले!" मी तिला खाली बसवले आणि म्हणालो, "शू. लपाछपी. त्यांना शोधू दे." ती तोंडावर हात ठेवून हसली. मी होडीच्या कडेवरून पाहिले. व्याही पायजमा-बनियनवर होते, एका गालाला साबण तसाच. ते पाण्यात शिरले. पाण्यावर काहीतरी लाल तरंगत होते, त्याच्या मागे कमरेपर्यंत गेले. त्यांना पोहता येत नाही. ती बाटली निघाली. ती हातात घेऊन ते तसेच पाण्यात उभे राहिले व पुन्हा हाका मारू लागले.

मी तेव्हा उठायला हवे होते. उठलो नाही. मला वाटले, बघा, एक दिवस नात हाताशी नसली की कसे होते. मी चार वर्षे असाच आहे, फक्त ओरडत नाही. असे मला वाटले, म्हणून सांगतो. त्यानंतर पंचवीस मिनिटे आम्ही तिथेच होतो.

साडेसातला मी भिंगरीला खांद्यावर घेऊन लॉजच्या फाटकाशी आलो व म्हणालो, "होड्यांपाशी सापडली. एकटीच बसली होती." हे मी खोटे बोललो. मुलगी माझ्या गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशी. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही नसता तर..." भिंगरीने दोनदा सांगितले, "आम्ही लपलो होतो." मुलगी म्हणाली, "घाबरलीय ती, आता काही विचारू नका."

मग जावयांनी समुद्रावरून परतलेल्या आपल्या वडिलांना विचारले, "कडी लावली होतीत ना?"

व्याही म्हणाले, "लावली होती. म्हणजे, लावली असं वाटतं."

"वाटतं म्हणजे काय आबा? ती हात पुरवून काढू शकत नाही. मग दार उघडलं कसं?"

व्याही म्हणाले, "आठवत नाही रे."

जावई म्हणाले, "चष्मा विसरता, गॅस विसरता, ते ठीक आहे. पण आता तिला तुमच्याकडे एकटं नाही ठेवायचं." आणि माझी मुलगी मला म्हणाली, "बाबा, शाळा सुरू होईपर्यंत भिंगरीला तुमच्याकडे न्याल का?" या वाक्याची मी चार वर्षे वाट पाहिली होती. मी हो म्हणालो. नाश्त्याला अंडी-पाव होता. मी दोन अंडी खाल्ली.

व्याह्यांनी त्यानंतर माझे दोन्ही हात धरून सांगितले, "व्याही, तुमचे उपकार फिटणार नाहीत." ते त्यांनी हळू सांगितले, कारण ओरडून त्यांचा घसा पूर्ण बसला आहे. मला तेव्हाही त्यांचा राग आला. माणसाने इतके चांगले असू नये, दुसऱ्याला जागाच उरत नाही.

बेपत्ता असल्याची तक्रार बंद करण्यासाठी आम्हा दोघांना ठाण्यात बोलावले. मुलगी व जावई भिंगरीला घेऊन लॉजवरच राहिले. मी भिंगरी कशी सापडली ते सांगायचे व व्याह्यांनी आपला निष्काळजीपणा कबूल करायचा, असे ठरले होते. बाहेर बाकावर मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. ते उजवा हात वर करत, हवेत कडी सरकवल्यासारखे करत व हात खाली घेत. पुन्हा वर करत. असे मी आठ-दहा वेळा पाहिले. समोरचा शिपाई बघत होता. मी म्हणालो, "सर, काय करताय?" ते म्हणाले, "हात वर केल्याचं मला आठवतंय हो. दार ओढून पाहिल्याचंही आठवतंय. मग लागली कशी नाही? डोकं गेलं म्हणायचं का माझं?" एवढ्यात माझे नाव पुकारले गेले.

मी आत आलो ते आधीचेच सांगायच्या तयारीने. अंमलदारांनी विचारले, "कुठं सापडली?" आणि मी वरील सगळे सांगितले. मला कोणी धमकावले नाही की समजावले नाही.

तरी माझे म्हणणे असे की, व्याह्यांनी कडी लावली होती. त्यांचे डोके शाबूत आहे. त्यांच्या हातून कोणताही निष्काळजीपणा झालेला नाही व नातीला त्यांच्याजवळ ठेवण्यास काही हरकत नसावी. लॉजच्या नोकरांचा यात संबंध नाही. मुलगी व जावई यांना मी अजून सांगितलेले नाही. मुलगी ऐकून काय म्हणेल ते मला माहीत आहे, ते इथे लिहिण्याची गरज नाही. मला व्याह्यांचा हेवा वाटतो. तो हा जबाब दिल्याने कमी झाला असे मी म्हणणार नाही, खोटे पुष्कळ बोलून झाले.

जबाब अंमलदारांनी मला वाचून दाखवला. मी विनंती केली की, तो मला आणखी एकदा माझ्या व्याह्यांकडून वाचून मिळावा, कारण त्यांना तोंडाने सांगायची माझी छाती नाही. अंमलदार म्हणाले, "असा काही नियम नाही." मी म्हणालो, "करू नये असा तरी आहे का?" त्यांनी शिपायाला पाठवून व्याह्यांना आत बोलावले.

व्याह्यांनी तो उभे राहून वाचला, वर्गात वाचतात तसा, स्वल्पविरामाला थांबत. कडीची ओळ त्यांनी दोनदा वाचली. होडीच्या ओळीशी ते थांबले व मला म्हणाले, "मी पाण्यात होतो, तेव्हा तुम्ही किती लांब होता?" मी म्हणालो, "वीस पावलं असेन." ते अंमलदारांना म्हणाले, "हे राहिलंय. लिहून घ्या." त्याप्रमाणे, वीस पावले, हे इथे वाढवले आहे.

त्यापुढचा मजकूर त्यांनी शेवटपर्यंत वाचला. घसा बसला असल्याने बरेच शब्द मला ऐकू आले नाहीत. ते माझेच होते, म्हणून मी पुन्हा विचारले नाहीत. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व खरा आहे.

सही