एकदाच विचारणारा जर्मन

…आणि माझंच चुकलं म्हणे! मला सांगा, कुणी काही देऊ केलं तर पहिल्या खेपेला 'हो' म्हणतात का? शोभतं का ते? तुम्हाला सांगतो, आमच्या किलमोर गावात पाळण्यातलं पोरसुद्धा आधी नको म्हणतं! चहा घेतोस? 'नको हो, कशाला उगाच…' अरे घे रे. 'नको, आत्ताच झाला.' घे म्हणते ना! 'बरं, अर्धा कप.' आणि मग तो अर्धा कपवाला दोन कप, तीन अंडी आणि निम्मा केक हाणून उठतो! रीत आहे ती. माझ्या बापानं मला शिकवली, त्याला त्याच्या बापानं. त्या जर्मनाला कुणी शिकवली नाही, त्याला मी काय करू?

हां, जर्मन. विटकॉपसाहेब. झिपा करायचा… पँटला लावतात त्या हो, दुसऱ्या कुठल्या! दीडशे माणसांचा कारखाना काढायला आयर्लंडभर जागा बघत हिंडत होता. आता आमच्या सरकारचंही बघा. पंचवीसएक वर्षं बाहेरचा माल नको, बाहेरचा कारखाना नको, आमचं आम्ही बघू… म्हणजे अख्खा देशच दारात उभा राहून 'नको हो, कशाला उगाच' करत होता! आणि इथून जहाजं भरभरून जायचं काय? गुरं आणि पोरं! गुरांना निदान भाव तरी यायचा. मग एक दिवस सरकारला जाग आली. म्हणे या, या, कर माफ करतो, पण या! झाल्या कारखाने आणायला गावोगाव कमिट्या. आमच्या कमिटीचा अध्यक्ष कोण? मी, मॅलकी गेराटी, कापडदुकानदार. टाळ्या वाजवून निवडलं हो मला! आता तीच मंडळी समोरून आली की मी गल्लीत शिरतो.

त्यात घरी आमची डिम्फ्ना. एकोणीस वर्षांची, एकुलती एक लेक. इंग्लंडात कव्हेंट्रीला मावशीकडे निघालेली, नोकरी ठरलेली, ट्रंक भरलेली. पण म्हणाली, "डॅडी, कारखाना आला ना, तर ट्रंक रिकामी करते." आता बोला, मला कारखाना नको असेल?

साहेबाचं जेवण आमच्याच घरी. अट्रॅक्टानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, लग्नातल्या कपबश्या काढल्या, हॅम उकडलं, केक केला. साहेबाच्या शेजारी बसवले आमच्या चर्चचे फादर हेनेगन. साहेब म्हणतो, "केक नाही. धन्यवाद." हिनं वाढला! "नाही, पोट भरलं." हिनं आणखी एक वाढला! बिचारा घाम पुसत खातोय, आणि आम्हाला वाटतंय, लाजतोय! मग त्यानं वही काढली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्टर गेराटी. तुम्हाला इथे कारखाना पाहिजे?"

असं? एकदम? ना पावसापाण्याच्या गप्पा, ना काही! आणि माझी जीभ हो… ही जळली जीभ… बोलून गेली, "छे छे, आमच्यासाठी कशाला उगाच त्रास! आमचं चाललंय बरं." आणि हसून थांबलो. म्हटलं, आता म्हणेल, असं कसं, घ्याच! त्यानं वहीत एक शब्द लिहिला. वही मिटली. "स्पष्ट बोललात. वेळ वाचला." हात मिळवला, गाडीत बसला, आणि गेला की हो!

फादर पांढरेफटक! "मॅलकी, अरे पळ! त्यांच्यात दुसऱ्यांदा विचारत नाहीत रे!" पळालो. या पोटासकट चढापर्यंत पळालो, 'हो! हो! हो!' ओरडत, आणि तो मागे बघून छान हात हलवतोय! तिथून थेट चाळीस मैलांवर, ड्रमगाराला. ड्रमगारा! जिथली माणसं बस म्हणायच्या आधी बसतात! म्हटलं त्यांनी पहिल्या झटक्यात हो, निर्लज्ज मेले. आता माझ्याच दुकानातल्या पँटींना त्यांची झीप. गिऱ्हाईक मुद्दाम विचारतं, "मॅलकी, झीप कुठली रे?" मान वर होत नाही माझी. मी स्वतः बटणांची घालतो.

पण तेही सोसलं असतं. स्टेशनवर… डिम्फ्ना डब्याच्या दारात उभी. डोळे भरलेले. म्हणाली, "डॅडी, राहू का मी?" आणि मी… हाच मी… म्हणालो, "नको गं, आमच्यासाठी कशाला उगाच!" आणि थांबलो. म्हटलं, पोर आपलीच आहे, रीत ठाऊक आहे, परत विचारेल. ओठ हललेसुद्धा हो तिचे… तेवढ्यात शिट्टी झाली.

अट्रॅक्टा अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी म्हणाली, "मेल्या, एकदा तरी हो म्हणायचं होतंस!" त्यापेक्षा तिचं न बोलणं बरं होतं. लाज वाटते हो, फार लाज वाटते. पत्र लिहायला बसतो, लिहायचं असतं 'परत ये', आणि लिहून होतं 'काळजी करू नकोस, आमचं चाललंय बरं.' आणि ती पोरगीही तसलीच, उलट टपाली लिहिते, 'माझंही.'

म्हणून आता ठरवलंय, कुणीही काहीही विचारो, पहिल्या खेपेला हो! संपली ती रीत!… काय म्हणालात? चहा? नको हो, कशाला उगाच…

अहो! अहो, किटली कुठे नेताय? परत एकदा विचारा की!