चिठ्ठी नाही, तर माल नाही

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "अहो, एवढं काय त्यात? चार वर्षांची पोर, दोन घास तर भरवायचे!" दोन घास! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं मी, अकरा हजार प्रकारचे सुटे भाग, कुठला नट कुठल्या खणात ते डोळे मिटून सांगायचो, पण रिटायर झालो, लेक म्हणाली, "बाबा, आम्ही दोघं कामावर, हिचं खाणंपिणं आता तुम्ही बघा," आणि तेव्हा मला कळलं, की चाळीस वर्षं आपण नुसती मजा केली!

कारण काय, तर आमच्या नातीला दूध चालत नाही. बरं, नाही तर नाही. अंडं चालत नाही. हरकत नाही. गहू चालत नाही, शेंगदाणे चालत नाहीत, तीळ... अहो, तीळ! एवढासा जीव त्याचा, त्यानं कुणाचं काय घोडं मारलंय? पण नाही चालत! आणि चालत नाही म्हणजे नुसतं नाक मुरडते, असं नाही हं. एकदा घरी आलेल्या एका बाईंनी लाडानं बिस्किट दिलं तिला. "काही नाही हो होत एका बिस्किटानं!" दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली... दवाखान्याचा जिना मी कसा चढलो, देवाला ठाऊक. वाचली. डॉक्टरांनी घरात ठेवायला इंजेक्शन दिलं, कसं टोचायचं ते तीनदा करून दाखवलं, आणि घरी आल्या आल्या मी बायकोला सांगितलं, "आजपासून हे स्वयंपाकघर नाही. हे स्टोअर!"

आता स्टोअर म्हटलं की नियम आला. आमचा नियम एकच. चिठ्ठी नाही, तर माल नाही! तुम्हाला म्हणून सांगतो, एकदा खुद्द मोठे साहेब आले होते खिडकीवर, एक बेअरिंग हवं होतं, मशीन बंद पडलेलं, घामाघूम झालेले, "अरे दे रे लवकर!" म्हटलं, साहेब, चिठ्ठी? अर्धा तास उभे केले खिडकीबाहेर! शिपाई मागणीची चिठ्ठी सही करून आणायला पळाला, पण बेअरिंग बरोब्बर तेच गेलं की नाही? मग!

तर तेच घरी. नातीच्या डब्यांना हिरवी पट्टी, आमच्या डब्यांना लाल. प्रत्येक डब्याला कार्ड, किती होतं, किती गेलं, किती उरलं. आणि तिच्यासाठी काही करायचं, तर आधी चिठ्ठी फाडायची: तांदळाचं पीठ एक वाटी, डबा हिरवा. खाली माझी सही. बायको म्हणाली, "अहो, चिमूटभर मीठ घालायचंय मला!" म्हटलं, चिमूटभर मिठाची चिमूटभर चिठ्ठी! तिनं माझ्याकडे असं बघितलं... जाऊ दे, ते सांगण्यासारखं नाही.

पण नात? अहो, नातीला हे एवढं आवडलं, एवढं आवडलं, की माझ्या सहीशेजारी तीही सही करायला लागली. लिहिता येतंय कुठं? एक गोल, त्याला दोन कान. मांजर! मांजर काढून झाल्याशिवाय बाईसाहेब तोंड उघडत नाहीत. पाणी दिलं तरी, "आबा, चिठ्ठी?" अगं बये, पाणी आहे ते! "चिठ्ठी नाही, तर माल नाही!" बोबडं नाही हं, खणखणीत. माझ्यापेक्षा खणखणीत!

हं, तर मूळ मुद्दा राहिलाच. वरच्या मजल्यावर एक शिक्षिकाबाई राहतात, त्यांच्या मुलीचा पाचवा वाढदिवस होता. आमची नात कुठल्याही वाढदिवसाला जाते ती स्वतःचा डबा घेऊन. बाकीची पोरं केक खातात, ही कोपऱ्यात बसून उकडलेला बटाटा खाते. रडत नाही, मागत नाही, नुसती बघते. त्या दिवशी मला विचारते, "आबा, मला कधी सगळ्यांचा केक मिळेल?" माझा नाही म्हणाली, सगळ्यांचा! तसाच उठलो, वर गेलो, बाईंना म्हटलं, केक मी करतो, सगळी पोरं तोच खातील, चालेल? त्या बिचाऱ्या एका शब्दानं हो म्हणाल्या. चांगल्या आहेत. जिन्यात चपला फार पसरतात, पण चांगल्या आहेत.

आता मी जन्मात केक केलेला नाही! सकाळी पहिला केला. तांदळाचं पीठ, केळं, साखर, तेल. बाहेर काढला तर वीट! बायकोनं बोटानं वाजवून बघितला, म्हणाली, "दाराला टेकू लावायला बरा आहे." दुसरा दुपारी चारला घातला. सगळ्याच्या चिठ्ठ्या फाडल्या, मांजरं काढून घेतली, एक वाटी पीठ घातलं, आणि तेवढ्यात फोन! आमचा जुना फोरमन. हा माणूस एकदा बोलायला लागला की... "अरे, तुला कळलं का, आपल्या गेटसमोरचं झाड पाडलं!" फोन कानात आणि खांद्यात धरलेला, हातात वाटी, झाडाचं ऐकतोय, पीठ कमी वाटलं म्हणून दुसरी वाटी घालतोय... आणि केक काय झाला म्हणता! हा असा फुगला! तेव्हाच शंका यायला हवी होती मला.

पाच वाजता वर. अकरा पोरं, टोप्या घातलेली, मेणबत्त्या लावलेल्या, गाणं झालं, केक कापला, पहिला तुकडा उत्सवमूर्तीला, आणि दुसरा आमच्या नातीला. तिनं तो दोन्ही हातांत धरला. काय तो चेहरा, तुम्हाला काय सांगू! आणि तोंडाजवळ नेऊन थांबली. माझ्याकडे बघितलं.

"आबा, चिठ्ठी?"

म्हटलं, आहे ना राणी, ही बघ! खिशातून काढल्या. केळं, मांजर. साखर, मांजर. तेल, मांजर. पीठ एक वाटी, मांजर. पीठ दुसरी वाटी... पीठ दुसरी वाटी... हा खिसा, तो खिसा, शर्टाचा खिसा... नाही! फाडलीच नव्हती! आणि डबा कुठला उघडला होता मी? हिरवा की लाल? दोन्ही ओट्यावरच होते, माझ्याच समोर, आणि मला आठवत होतं फक्त ते झाड!

सगळे म्हणायला लागले, "अहो, तांदळाचंच असणार!" बाई म्हणाल्या, "तांदळाचंच असणार हो आजोबा." बायकोसुद्धा, "असणार." असणार! चाळीस वर्षांत कुणाचं 'असणार' ऐकून मी एक वॉशर दिला नाही! पण समोर ती पोर, हातात केक, आयुष्यातला पहिला सगळ्यांचा केक, आणि मीच तो काढून घ्यायचा? हात पुढे होईना हो माझा. तर तिनंच तुकडा परत ताटलीत ठेवला. डोळे केकवरच होते, पण म्हणाली काय? "चिठ्ठी नाही, तर माल नाही."

मी जिना उतरलो तो दोन-दोन पायऱ्या एकदम. हिरवा डबा काट्यावर ठेवला, कार्ड बघितलं, त्यातून दोन वाट्या वजा केल्या. एक वाटी जास्त! तुम्हाला वाटेल, जास्त भरलं तर चांगलंच की! अहो, स्टोअरमध्ये माल जास्त भरणं कमी भरण्यापेक्षा वाईट, म्हणजे दुसराच माल गेला! लाल डबा तोलला. एक वाटी कमी. गहू. माझ्याच हातानं खाल्ला असता तिनं. वाचवलं कुणी? दोन कानांच्या एका गोलानं.

वळून बघतो तर दारात अख्खा वाढदिवस उभा! अकरा पोरं, टोप्यांसकट, पुढे आमची नात, मागे बाई. उत्सवमूर्ती म्हणते, "आजोबा, परत करू या. मला पण चिठ्ठी." झालं! हात धुवायला रांग, भांडी नव्यानं घासली, बायकोनं फोन कपाटात कोंडला, आणि प्रत्येक पोराला चिठ्ठी. कुणी ससा काढतंय, कुणी ट्रक, एकानं माझंच टक्कल काढलं! पीठ वाट्यांमध्ये ओतलं, म्हणजे लवकर होतील, आणि वीस मिनिटांत बारा चपटे, वाकडे, कडेनं करपलेले केक. नातीनं एकेक चिठ्ठी तपासली, मान हलवली आणि खाल्ला. सगळ्यांबरोबर, सगळ्यांचा! गालाला, नाकाला, केसांना... आणि मी? मला काय झालं होतं कोण जाणे, डोळ्यांत पीठ गेलं म्हणून सांगितलं सगळ्यांना.

आणि तो वरचा, फुगलेला, गव्हाचा? तो टाकायचा का? मोठ्या माणसांनी संपवला. म्हणजे... मुख्यतः मी. चार तुकडे. आता मला साखरेचा आजार आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. बायकोनं मोजले होते. नातीला बाजूला घेऊन नुसती कुजबुजली, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या बिस्किटांच्या डब्याला नवी पट्टी! नवं कार्ड! आणि आत एक बिनसहीची चिठ्ठी: बिस्किट एक, सही आवश्यक.

आता सही कुणाची, तर मांजराची. आणि मांजर बाईसाहेब दुपारी दोन ते चार झोपतात, उठवायचं नाही, असा आजीचा हुकूम. म्हणून तर तुमच्याशी एवढं बोलत बसलोय, नाहीतर मला काय हौस आहे? म्हटलं, जरा एक बिस्किट... बायको म्हणाली, "साहेबांना अर्धा तास उभं केलं होतंत ना खिडकीबाहेर?"

चहा तर केव्हाच गार झाला. किती वाजले हो तुमच्या घड्याळात?