मशीनचा आवाज मी बंद केला

माझे नाव व पत्ता वर घेतलाच आहे. वय त्रेसष्ट, शिक्षण बी.एस्सी., नोकरी लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात सहायक म्हणून, एकोणीस वर्षे. मुले मला हेडबाई म्हणतात. मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मंगळवारी सकाळी दहा वाजता सहा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. चार दाढा किडलेल्या होत्या. आधी दोनदा ती खुर्चीवरून उतरून पळाली होती, म्हणून डॉक्टरांनी गुंगीचे औषध देऊन काम करायचे ठरवले होते. मुलगी सकाळपासून उपाशी होती. वजन मी स्वतः काट्यावर घेतले, सतरा किलो.

औषध जांभळ्या रंगाचे, गोड असते. दहा वाजून दहा मिनिटांनी मी ते पाजले. तिने ते थुंकून टाकले. डॉक्टरांनी विचारले, "किती गेलं पोटात?" मी नॅपकिन पाहून म्हटले, "निम्मं तरी बाहेर आलंय." त्यावर त्यांनी निम्मे पुन्हा द्यायला सांगितले. नॅपकिनवरून अंदाज करता येत नाही, हे मला शास्त्र शिकल्यामुळे कळायला हवे होते.

अर्ध्या तासाने ती पेंगुळली. बोटाला प्राणवायू मोजायच्या मशीनचा चिमटा लावला. त्या मशीनवर नाडीचा आवाज येतो, प्राणवायू कमी झाला की सूर उतरतो आणि मग गजर होतो. मुलीने डोळे किलकिले करून विचारले, "हेडबाई, कोण ओरडतंय?"

"तुझंच काळीज ओरडतंय, भित्री भागूबाई."

"त्याला गप्प करा ना."

मी आवाज बंद केला. गजरही त्याच बटणाने बंद होतो. आमच्याकडे हे नेहमीचे आहे. बाहेर बसलेली मुले त्या आवाजाने रडू लागतात, म्हणून आकडे पडद्यावर पाहायचे, अशी पद्धत पडली. डॉक्टरांना ती माहीत आहे. सुरू मी केली.

गुंगीतल्या मुलावर लक्ष ठेवणाऱ्याने दुसरे काम हाती घेऊ नये, असा कागद भिंतीवर आहे. अक्षर माझे आहे. त्या दिवशी दुसरी सहायक रजेवर होती, म्हणून तोंडातले पाणी ओढायची नळी मी धरली. पडदा माझ्या पाठीमागे होता.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आईने दार किलकिले केले. मी म्हटले, "बघा, कशी शहाण्यासारखी पडलीये. उगाच घाबरत होतात."

आई म्हणाली, "बाई, तिचे ओठ असे का दिसतायत?"

मी म्हटले, "औषधाचा रंग आहे तो. तुम्ही बाहेर बसा बघू, डॉक्टरांना काम करू द्या."

दार लावून ती बाहेर बसली. मी वळून पाहिले नाही. दुसऱ्यांदा औषध पाजल्यावर तिचे तोंड मीच ओल्या कापसाने स्वच्छ पुसले होते.

तीन-चार मिनिटांनी डॉक्टर सुई बदलायला थांबले आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. प्राणवायूचा आकडा एकसष्ट होता, तो पंचाण्णवच्या वर असावा लागतो. त्यांनी लगेच तिची मान मागे करून प्राणवायू दिला. मी रुग्णवाहिकेला फोन केला. ती चौदा मिनिटांत आली. मुलगी आज चौथ्या दिवशी रुग्णालयात आहे. डोळे उघडलेले नाहीत.

बुधवारी डॉक्टर मला म्हणाले, "बाई, मशीन बिघडलं होतं असं म्हणू या. तुमच्या वयाला कोर्टकचेऱ्या झेपणार आहेत का?" मी म्हटले, "मशीन ठणठणीत आहे." डॉक्टर वाईट नाहीत. ते खाली बसून रडले. मी त्यांना पाणी दिले व घरी गेले.

झोप लागते का, असे अंमलदारांनी मध्येच विचारले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मुलीच्या आईने आपल्या जबाबात, मला काहीच समजले नाही, आई असून मी पाहिले नाही, चूक माझीच, असे म्हटल्याचे मला आज येथे कळले. ते खरे नाही. तिला दिसले होते. खोलीत तिघे होतो, त्यांत दोघे शिकलेले व कामाचे, आणि दारातून एकटीने पाहून तिने नेमके तेच विचारले. तिला गप्प मी केले.

अंमलदार म्हणाले, "मावशी, हे नाही लिहिलं तरी चालेल. त्या बाईंनी तुमच्यावर काही आरोप केलेला नाही." मी सांगितले की, म्हणूनच लिहायचे, आणि हा भाग आईला आजच वाचून दाखवावा.

जबाब मला वाचून दाखवला, मग मी चष्मा लावून स्वतः वाचला. सांगितले तसाच उतरला आहे. काही खोडलेले नाही. सही प्रत्येक पानावर केली आहे.