तांड्याच्या गायरानावरचं विमान

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि तिथेही मागच्या बाकावर बसतो. दुसऱ्याचं आयुष्य कागदावर उतरवण्याचा आपल्याला काय अधिकार, असं मनात येऊन दोनदा लिहिणं सोडून दिलं होतं. वाचणाऱ्यांनी माफ करावं. आमच्या गावाशेजारच्या तांड्यावर थावरा राठोड राहतात, आम्ही त्यांना थावराबा म्हणतो. यवतमाळजवळ खूप वर्षांपूर्वी काही महिने विमान उतरत असे, त्या जागेचे ते चौकीदार होते. ते बोलले तसं लिहिलं आहे. काही चुकलं असेल तर ते माझं.

आमी बंजारा, बापू. माह्या आजाच्या आजाले घर नव्हतं, बैल होते. मीठ लादाचं, धान्य लादाचं अन् चालाचं, पुढं बैल, मांगं बाया, मांगं पोट्टे, मांगं कुत्रे, असा मुलूखभर फिरे आमचा तांडा. त्याले लदेणी म्हणत. मंग आगगाडी आली, सडका आल्या, लदेणी बुडाली. आजा म्हणे, आता बैलाले कोणी माल देत नाही, बसा इथं. तं बसलो. थोडं वावर भेटलं, कापसाची पऱ्हाटी पेराले लागलो, पण जीव ढोरातच. अन् ढोरं जगत होती ते गायरानावर. तांड्याच्या उगवतीले होतं ते, सपाट, ताटावानी. पवन्या गवत कमरेपर्यंत. कागदावर सरकारचं, पण चरत होती आमची ढोरं, आजापासून. दुसऱ्या अंगानं जंगल, तिथं फॉरेस्टवाला उभा. म्हून गायरान म्हणजे काय सांगू तुले, गायरान म्हणजे दूध, गायरान म्हणजे शेण, गायरान म्हणजे बैल, अन् बैलाबिगर वावर कायचं.

आपण मुंबई राज्यात गेलो छप्पनच्या साली, त्याच्या थोडं आधीचं सांगून राह्यलो. तई आपली राजधानी नागपूर. मंत्री तिथं, कचेऱ्या तिथं. कापसाचे शेठ, वकील, साहेबलोक, सगळ्याईले नागपूरले जाचं पडे. तं नागपूरच्या एका कंपनीनं मनावर घेतलं का यवतमाळले विमान आणाचं. एक दिवस जीपगाडी आली, चार माणसं उतरली, गायरानावर पाय आपटून पाहे, म्हणे जागा चांगली हाय. मंग मुरूम आला, रोलर आला. गवतावर मुरूम दाबला, बापू. जिवंत गवतावर.

आमचा नायक, म्हणजे तांड्याचा मुखिया, रूपसिंग, मोठा धिटाईचा माणूस. तो साहेबाले म्हणे, आमची ढोरं कुठं चारू? साहेब म्हणे, विमान येते तवर गायरान बंद. नायक म्हणे, अन् विमान नाही आलं तं? साहेब हासला, म्हणे येईन कसं नाही. नायक म्हणे, पर नाही आलं तं? तं तुमचं गायरान तुमाले. असं बोलला साहेब, माह्या ह्या कानानं ऐकलं.

मले चौकीदार केलं. खाकी सदरा दिला, शिट्टी दिली. काम काय, तं ढोरं हाकलाचं. विमान याच्या वखताले ओलं गवत पेटवून धूर कराचा, वरच्याले वारा कुठून हाय ते दिसे. खांबावर कापडाची एक लांब बाही टांगली होती, वारा भरला का फुगे. तेबी माह्याच अंगावर. ते फाटली तं माह्या बायकोनं, सोमलीनं, आपल्या जुन्या घागऱ्याचा तुकडा लावला, आरश्यावाला. विमानवाला खाली उतरून म्हणे, चौकीदार, तुम्हारा वारा तो बहुत चमकता है.

पह्यल्यांदा विमान आलं तई तांड्यातली ढोरं दावं तोडून पळाली. माह्यी याडी, म्हणजे माय, हळदकुंकू घेऊन आली, विमानाच्या नाकाले लावलं, अन् मले म्हणे, थावरा, एवढ्या मोठ्या जनावराले पाणी कोण पाजते रे? सगळे हासले. नायक नाही हासला. तो टेकाडावर चिलीम घेऊन बसला होता, किती उतरले अन् किती चढले ते पाहून राह्यलता.

पह्यले काही दिवस भरून आलं, भरून गेलं. हार, फुलं, फोटो. मंग उतरणारे कमी, चढणारे त्याहून कमी. एक कापसाचा शेठ गेलता, तो वापस आला ते मोटरनं. मले सडकेवर भेटला. म्हणे थावरा, पुन्हा नाव नको घेऊ. घरून टांगा करून तुह्या माळावर आलो, विमानाची वाट पाह्यत तासभर उभा राह्यलो, वर गेलो तं बसतो ना बसतो तं नागपूर आलं, तिथून शहरात जाले पुन्हा गाडी पाह्यत बसलो. दुकानी पोचलो तं माह्या मुनीम, जो त्याच सकाळी मोटरनं निघलता, पान खाऊन बसेल! वरून मलेच इचारे, शेठजी, रस्त्यात कुठं थांबलते?

विमानवाल्याले मी इचारलं, काहून गर्दी नाही? तो म्हणे, जवळच्या गावाले पुरत नाही. वर चढताना अन् खाली उतरतानाच लय तेल जाते, मधात चालाले जागाच नाही. दूरच्या गावाले परवडते. हे मी नायकाले सांगतलं. नायक मांडीवर थाप मारून म्हणे, अरे, हा तं आपल्याच धंद्याचा माणूस हाय. जाताना मीठ, येताना हवा, असा तांडा दोन फेऱ्या चालते, तिसऱ्या फेरीले मोडते. थांब, गायरान आलं समज.

अन् तसंच झालं. राज्य बदललं, नागपूरची राजधानी गेली. मंत्री गेले, साहेब गेले, कोणी भोपाळले, कोणी मुंबईले. मंग नागपूरले उडून जाऊन भेटाचं कोणाले? विमान येई, टपालाचं पोतं टाके, रिकामं जाय. एक दिवस मी धूर केला अन् आलंच नाही. दुसऱ्या खेपेलेबी नाही. तांड्यात गूळ वाटला, बापू. मी चौकीदार असून गूळ खाल्ला.

आता आमची चूक ऐक. आमच्या लदेणीत काय होतं, मार्ग सोडला का डेरा उठे, डेरा उठला का जागा मोकळी. पुढच्या साली तिथं गवत उभं. आमाले वाटलं विमानाचंबी तसंच राहीन. मार्ग गेला तं जागा सुटली. पण कंपनीचा साहेब आला अन् म्हणे, बंद नाही, तहकूब. नायक म्हणे तहकूब म्हणजे? म्हणे, आज येत नाही, उद्या येऊ शकते. बंद झाल्याचा कागद येतवर ढोर घालू नका. जागा जशी हाय तशी राखली तं परत देताना कोणाले बोट दाखवाले जागा राहणार नाही.

नायकानं सगळा तांडा जमवला, सेवालाल महाराजाची आण घातली. म्हणे, कागद येतवर एक वासरू जाणार नाही. आपण चोख राहू म्हणजे सरकारले नाही म्हणता येणार नाही. तरण्या पोट्ट्याईले पटलं नाही, पण आण मोडते कोण.

कंपनीनं माह्या पगार बंद केला, तरी मी शिट्टी फुकतच राह्यलो, आता तांड्यासाठी. मुरमाच्या कडीनं गवत पुन्हा उगवलं होतं, अन् ढोरं तिकडं मान करून हंबरत. आमच्या घरची कपिला गाय, मोठी गुणाची, एक दिवस घुसली. मी शिट्टी फुकली, काठी उगारली. सोमली धावत आली, म्हणे मार, मार तिले, तुह्यी ते शिट्टी दूध देते काय? गाय कानाले धरून बाहीर काढली. ते उन्हाळ्यात घाटंजीच्या बजारात इकली. पुढं एकेक करून सगळ्याईची गेली. तांडा अन् ढोराबिगर, पाह्यलं का कुठं?

नायक यवतमाळच्या कचेरीत जाय. म्हणत, हे जुन्या राज्याचं काम, फाइल भोपाळले असन. कधी म्हणत मुंबईले गेली. नायक म्हणे मी बैलावर बसून मुंबईले जाऊ का? बाबू म्हणे, विमानानं जा. हासले सगळे. साठ साली महाराष्ट्र झालं तं म्हणे, आता नव्यानं अर्ज करा. केला. अर्ज केला त्या साली नायक गेला. मरताना मले म्हणे, थावरा, आण तुह्यावर हाय. तई मी ना चौकीदार, ना गायवाला, तरी रोज सकाळी गायरानाच्या कडीनं एक फेरी मारली. ते बाही फाटत जाय, सोमली रागावत जाय अन् शिवत जाय. आता तं ते सगळीच घागऱ्याची झाली.

माह्या मनात कोणाबद्दल राग नाही, बापू. विमानवाला भला होता. साहेबबी खोटं बोलला असं नाही म्हणत मी, त्याले जेवढं माहीत तेवढं तो बोलला. कोणाले धरू? तू शिकून राह्यला, चांगलं करून राह्यला. तुह्या बापाले सुख दे. मोठा साहेब झाला तं एखाद्या तांड्याचा कागद वखतावर पाठवजो, एवढंच.

परवा मंगळवारी कोतवाल आला. मी बाहीच्या खांबाखाली बसून होतो. म्हणे, थावराबा, कागद आला. मी उभा राह्यलो. म्हटलं, विमान बंद झालं का? तो म्हणे, ते कंपनी तं कवाचीच मोडली, विमान इकलं, त्याले लय वर्षं झाली. म्हटलं, मंग गायरान आमचं? तो खाली पाहून म्हणे, नाही बा. कचेरीतला साहेब येऊन पाहणी करून गेलता. त्यानं लिवलं, या जागेवर इतक्या वर्षांत एकबी ढोर चरलं नाही, शेणाचा पो नाही, खुराची खूण नाही. म्हून हे गायरान नाही. सरकारी गोदामाले दिलं.